मायेचा हिशोब असतो

मागच्या वर्षी माझ्या भाचीचं बारसं आमच्या गावी, वाळवा तालुक्यात झालं. ताईचं पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे मांडव आमच्याच दारात होता. मी भाचीसाठी एक छोटी गोधडी शिवून नेली होती. तीन फूट बाय अडीच फूट, चार पदरी. आईच्या दोन जुन्या सुती साड्या आणि माझे तीन शर्ट कापून केलेली. गोधडी हातोहात फिरली. 'अगं बाई, पोरानं शिवली?' असं सगळ्यांचं म्हणून झालं. मग आत्याने ती उलटी करून बघितली. मागच्या कोपऱ्यात मी एक पांढरी पट्टी शिवली होती आणि तिच्यावर निळ्या दोऱ्याने दोन आकडे काढले होते. २२ तास. ८,६४० टाके.

आत्याचा चेहरा उतरला. "हे काय रे? मायेचा कुठं हिशोब असतो का?"

आजूबाजूच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. आईनेसुद्धा. आणि त्याच वेळी, आमच्यापासून दहा फुटांवर, माझा चुलतभाऊ खुर्ची-टेबल टाकून आहेराची वही लिहीत बसला होता. अमुक मामा, ५०१. तमुक काका, १००१. चांदीचे वाळे, एक जोड. सोन्याची अंगठी, एक.

मी तेव्हा गप्प बसलो. बारशाच्या मांडवात आत्याशी भांडायचं नसतं. आता भांडतो.

माझं म्हणणं सरळ आहे. मायेचा हिशोब असतो. तो ठेवला पाहिजे, आणि तो रुपयांत नाही, तासांत ठेवला पाहिजे. 'मायेचा हिशोब नसतो' हे वाक्य ऐकायला गोड आहे. पण ते ज्यांच्याबद्दल बोललं जातं त्यांच्या कामाचे तास त्या गोडव्यात विरघळून जातात, आणि ते परत कुणालाही सापडत नाहीत.

*

मी इंजिनिअर आहे. हिंजवडीत कोड लिहितो. गोधडी शिवायला मी कुठल्या वर्कशॉपमध्ये शिकलो नाही. २०२० च्या मार्चमध्ये ऑफिसने लॅपटॉप घेऊन घरी जायला सांगितलं, तेव्हा मी गावी आलो. दुपारी नेटवर्क गेलं की मी रिकामा. सोप्यात आजी साडी अंथरून बसलेली असायची. आमच्याकडे गोधडीला वाकळ म्हणतात. आजीच्या हातात बळ होतं, पण सुईचं नेढं दिसत नव्हतं. म्हणून सकाळी मी तिला दहा सुया ओवून द्यायचो. ओवता ओवता एक सुई माझ्या हातात राहिली. माझी पहिली ओळ बघून ती म्हणाली, "हे काय, गुरं बांधायचं दावं हाय व्हय?"

तिने शिकवलं ते असं. साडी आधी धुऊन घ्यायची. काठ उसवून बाजूला काढायचे, कारण काठ घट्ट असतो आणि चार पदरांतून सुई जाताना तिथे अडते. विरलेला भाग आत घालायचा, धड भाग वर. जमिनीवर अंथरून कोपऱ्यांवर तांब्या, वरवंटा असं काहीतरी वजन ठेवायचं, म्हणजे पदर सरकत नाहीत. मग हातभर अंतरावर कच्चा धावदोरा घालून सगळं धरून ठेवायचं. पदर पुरते मिटण्याआधी भाकरीचा एक तुकडा आणि हळदकुंकू आत ठेवायचं. वाकळेचं पोट उपाशी ठेवायचं नसतं, असं ती म्हणायची. त्यानंतर काठापासून आत, चौकोनात चौकोन, अर्ध्या अर्ध्या इंचावर ओळ. खालचा पदर सुईत आला की नाही हे डोळ्यांनी कळत नाही, खालच्या हाताच्या बोटाला टोचलं की कळतं. अंगुस्ताना वरच्या हाताला, टोचणं खालच्या हाताला.

आमच्या धंद्यात प्रत्येक तासाची नोंद द्यावी लागते. शुक्रवारी टाइमशीट भरली नाही तर मॅनेजरच्या आधी सिस्टिमचा मेल येतो. मीटिंगचा पाऊण तास, बग शोधायचे तीन तास, तो न सापडल्याचेही तास, सगळं भरायचं. एका शुक्रवारी मी आजीशेजारी बसून टाइमशीट भरत होतो. माझ्या त्या दिवसाच्या आठ तासांतले अडीच तास सर्व्हर चालू व्हायची वाट बघण्यात गेले होते. मी तेही भरले. क्लायंटने त्याचेही पैसे दिले असणार. आजी दुपारी एकपासून शिवत होती, आणि तिच्या नावावर त्या दिवशी एक मिनिटही जमा नव्हतं.

त्या रात्री मी ट्रंकेतली एक जुनी वाकळ काढून टेपने मोजली. सात फूट बाय पाच फूट. अर्ध्या इंचावर ओळी. म्हणजे एका वाकळेत १०,०८० इंच धावदोरा, जवळपास २५६ मीटर. इंचाला चार टाके. म्हणजे ४०,००० च्या वर टाके. आजीचा हात पक्का, टाक्याला तीन सेकंद धरले तरी नुसत्या शिलाईचे ३३ तास होतात. धुणं, उसवणं, कापणं, ठिगळं जुळवणं यात धरलेलं नाही. त्या ट्रंकेत तशा ९ वाकळा होत्या. म्हणजे ३०० तास. माझ्या टाइमशीटच्या भाषेत, एका माणसाचे साडेसात आठवडे. आणि या नुसत्या उरलेल्या ९. लेकींबरोबर सासरी गेलेल्या, पावण्यांना दिलेल्या, फाटून पायपुसणं झालेल्या कुठे मोजायच्या?

मी हा आकडा घरात सांगितला तेव्हा सगळे हसले. "इंजिनिअर झाला म्हणून आजीची वाकळ मोजायला निघाला," असं काका म्हणाले. काकांना त्यांच्या उसाचा टनेज, उतारा आणि बिलाची तारीख तोंडपाठ असते, त्याला कुणी हसत नाही.

*

आता 'मायेची ऊब' या शब्दांकडे येऊ. गोधडीवर बोलायला उभा राहिलेला माणूस दुसऱ्या वाक्यात हे शब्द काढतो. मीही काढले आहेत. मी शिवलेल्या पहिल्या गोधडीचा फोटो टाकला तेव्हा खाली हेच लिहिलं होतं, आणि त्यावर बदाम मिळाले होते.

गोधडीत ऊब असते ती हवेची. सुती कापडाच्या पदरांमध्ये हवा अडकते, अडकलेली हवा उष्णता सहज बाहेर जाऊ देत नाही, म्हणून अंग गरम राहतं. टाके त्या पदरांना जागच्या जागी धरून ठेवतात. टाके विरळ असतील तर पदर सरकतात, एका बाजूला गोळा होतो, दुसरी बाजू पातळ पडते. चिडून शिवलेली गोधडी आणि प्रेमाने शिवलेली गोधडी, टाके सारखे असतील तर सारखीच गरम असते. आजीने आयुष्यात कितीतरी वाकळा वैतागून शिवल्या असतील. पावसाळा तोंडावर, घरात नऊ माणसं, पांघरुणं सहा. तिथे माया सुचायला वेळ कुणाला होता?

मी हे कोरडेपणाने सांगत नाही. उलट, 'मायेची ऊब' म्हणताना आपण काय करतो ते बघा. ३३ तास बसून दुखलेली कंबर, टोचून काळी पडलेली बोटं, दिव्याखाली ताणलेले डोळे, हे सगळं उचलून आपण एका भावनेच्या खात्यात टाकतो. भावना मोजायची नसते, म्हणून मग कामही मोजायचं नसतं. आणि जे मोजायचं नसतं ते परत करायचं नसतं. केवढी सोय आहे ही! आजीने माया केली, आपण कविता केली. फिटंफाट.

हा आमच्या एका घरातला प्रकार असता तर मी लिहायला बसलो नसतो. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर एक पाहणी केली. लोकांचे दिवसाचे चोवीस तास कुठे जातात, याची. त्यात दिसलं की घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्या कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात, आणि ते करणारे पुरुष ९७ मिनिटं. मुळात त्या दिवशी असं काम केलेल्या बायकांचं प्रमाण ८१ टक्क्यांच्या आसपास, पुरुषांचं २६ टक्के. पाच तासाला एक मिनिट कमी, रोज, रविवार धरून. एवढ्या वेळेला नाव द्यायचं म्हटलं की आपल्याकडे एकच शब्द तयार असतो, माया.

शिवणकामातच बघा. दुकानात शिवतो तो टेलर. त्याच्या भिंतीवर दरपत्रक असतं : शर्ट इतके, पँट इतके, अल्टरेशनचे वेगळे. घरात शिवते ती आई. तिच्या भिंतीवर कॅलेंडर असतं, आणि त्यावर दुधाचे खाडे लिहिलेले असतात.

*

पण मोजायचं म्हटलं की लगेच दुसऱ्या टोकाचे लोक उभे राहतात. हे माझे ऑफिसातले मित्र. रूममेट जर्मनीला निघाला तेव्हा मी त्याला एक गोधडी शिवून दिली. विमानात, सोफ्यावर पायांवर घेता येईल एवढी. ती बघून टीममधल्या प्रत्येकाने एकच गोष्ट सांगितली. "भाई, पेज काढ. चिक्कार चालेल. हँडमेड, सस्टेनेबल, आजीची रेसिपी, सगळं आहे तुझ्याकडे."

यांना वाटतं की तासांचा मान ठेवायचा तर त्यांना किंमत लावली पाहिजे. ठीक आहे, लावू. माझा तासाचा दर ४०० रुपये धरा, तर भाचीची गोधडी ८,८०० रुपयांना पडते. घेणार कोण? म्हणून मग मला सांगतात, "सुरुवातीला दीड हजार ठेव, ब्रँड तयार झाला की वाढव." म्हणजे मी पगारावर जगायचं आणि गोधडी तोट्यात विकायची. माझं बिघडत काहीच नाही. बिघडतं ते तिचं, जी याच कामावर जगते.

ती कोण, हे मला माहीत आहे. मी शाळेत असताना आम्ही काही वर्षं पुण्यात भाड्याने राहत होतो. 'गोधडी शिवायची का गोधडीऽऽ' अशी हाक देत एक बाई गल्लीत यायची. जुन्या साड्या आपल्या, दोरा आणि हात तिचे. एकदा आईने तिला बोलावलं. तिने ५०० सांगितले. आईने ३५० वर आणलं. "साड्या तर आमच्याच आहेत की, तुमचं काय जातंय?" हे आईचं वाक्य मला अजून आठवतं. बाई दोन दिवस आमच्या पार्किंगमध्ये बसून शिवत होती. टाके मोठे, ओळी इंचा-इंचावर, तरीही १३ तासांचं काम. तासाला २७ रुपये. माझी आई वाईट नाही. तिने स्वतः आयुष्यभर फुकट शिवलं होतं. ज्या कामाला आपल्याला कधी काही मिळालं नाही, त्याला दुसरीने ५०० मागितले की ते जास्तच वाटतात. माझा मुद्दा इथे पुरा होतो. घरातल्या तासांचा हिशोब नसला की बाजारातल्या तासांचा भावही पडतो. 'घरीच तर शिवता' हे शब्द बचत गटाच्या स्टॉलवर उभं राहून घासाघीस करणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या तोंडी तयार असतात.

म्हणून मी विकत नाही. जिला विकायची आहे तिने पुरेपूर भावाने विकावी, आणि आपण घासाघीस न करता घ्यावी. माझ्यासारख्या पगारदाराने छंदाची गोधडी स्वस्तात विकून तिचा भाव पाडू नये. मी देतो. फक्त देताना तास लिहून देतो.

आणि कुणाला वाटत असेल की कौतुक मोठ्या ठिकाणी झालं की पैसे आपोआप मागून येतात, तर अमेरिकेतली एक गोष्ट सांगतो. अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची वस्ती आहे. नदीच्या वळणात अडकलेली, गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या लोकांच्या वंशजांची. तिथल्या बायका पिढ्यानपिढ्या विटलेल्या कामाच्या कपड्यांच्या गोधड्या शिवत आल्या. कारण आपलंच, थंडी आणि गरिबी. २००२ मध्ये त्या गोधड्या ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या. आधुनिक चित्रकलेच्या तोडीचं काम म्हणून त्यांचं नाव झालं. २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांच्यावर तिकिटं काढली. आणि २००७ मध्ये त्यांच्यातल्याच काही बायकांना आपल्या कामाच्या पैशांसाठी कोर्टात दावे लावावे लागले. ते पुढच्या वर्षी तडजोडीने मिटले. टीकाकार, संग्रहालय, तिकीट, सगळं झालं, आणि शेवटी शिवणारीला विचारावं लागलं, माझं किती?

*

आता आत्याचा मुद्दा. तो मी उडवून लावणार नाही, कारण त्यात तथ्य आहे. तास लिहून दिले तर भेटीचं ओझं होतं. घेणाऱ्याला वाटतं, आता हे फेडायचं कसं?

पण मला सांगा, आहेराच्या वहीने ओझं होत नाही का? ती वही तर फेडण्यासाठीच असते. त्यांच्याकडे लग्न निघालं की वही काढायची, त्यांनी किती घातले होते ते बघायचं, आणि त्यावर थोडे जास्त घालायचे. पाकिटात किती, वाळे किती भाराचे, हे आपण लिहून ठेवतो आणि त्याला नातं सांभाळणं म्हणतो. मग एका कोपऱ्यात निळ्या दोऱ्याने लिहिलेल्या २२ तासांनीच नातं कसं बिघडतं?

बारशाच्या दुसऱ्या दिवशी, डोक्यातून हे जाईना म्हणून, मी कपाटातून जुन्या वह्या काढल्या. आईने सगळ्या जपून ठेवल्या आहेत. त्यात १९९७ ची एक सापडली, माझ्या बारशाची. काकांचं सुंदर अक्षर. ५१ रुपये, १०१ रुपये, स्टीलचा डबा, चांदीची वाटी, झबलं-टोपडं, एका नातेवाइकाने दिलेलं भिंतीवरचं घड्याळसुद्धा. सगळ्यांची नावं आहेत. माझ्या लहानपणच्या प्रत्येक फोटोत माझ्या खाली एक लाल-हिरवी छोटी वाकळ आहे. आजीने शिवलेली. ती मी सहा वर्षांचा होईपर्यंत माझ्याजवळ होती. वहीत ती नाही. आजीचं नावच नाही. घड्याळ आहे, वाकळ नाही.

मी वही आईसमोर ठेवली. मला वाटलं होतं ती म्हणेल, घरच्या माणसाचा आहेर कशाला लिहायचा. ती तसं म्हणाली नाही. ती बराच वेळ पान बघत राहिली. मग म्हणाली, "तू तास मोजतोयस, मोज. पण मी मोजायला बसले ना, तर मला घरातल्या प्रत्येकाचा राग येईल. तुझ्या बाबांचा, आजीचा, तुझाही. मला या वयात तो राग नकोय. म्हणून मी मोजत नाही. मायेमुळे नाही."

याला माझ्याकडे उत्तर नाही. 'मायेचा हिशोब नसतो' हे वाक्य मी आत्तापर्यंत ऐतखाऊंची पळवाट समजत होतो. ते काही बायकांनी स्वतःला सावरायला धरलेली काठी पण आहे, हे मला त्या दिवशी कळलं. ती काठी मी आईच्या हातातून ओढून घेणार नाही.

पण म्हणूनच हिशोब तिने ठेवायचा नाही. तो ज्यांनी पांघरलं त्यांनी ठेवायचा. मी ठेवायचा. ताईने ठेवायचा, काकांनी ठेवायचा. आईला राग येऊ नये म्हणून आम्ही न मोजणं, हा तर आमचाच फायदा झाला.

*

मग करायचं काय, ते सांगतो. फार नाही, चार गोष्टी.

एक. शिवा. विशेषतः मुलग्यांनो, शिवा. दुकानात पुरुषाच्या हातातली सुई चालते, तर घरातही चालेल. तीन फूट बाय अडीच फूट, चार पदर. पहिल्या वेळी कापायला आणि जुळवायला माझे तीन तास गेले, ठिगळं जोडायला तीन, कच्च्या धावदोऱ्याला दीड, आणि ओळी घालायला साडेचौदा. एका वेबसिरीजचे दोन सीझन. जुन्या साड्या बोहारणीला देऊन पातेली आणण्याआधी दोन मागून घ्या. सुती बघा, सिंथेटिकमध्ये लेकराला घाम येतो. एक गोधडी शिवल्यावर तुम्हाला 'मायेची ऊब' असं तोंडातून काढायला लाज वाटेल, एवढं शिक्षण पुरे.

दोन. मागच्या कोपऱ्यात तास लिहा. किंमत लिहू नका. किंमत घेणाऱ्याला सांगते की याच्या बदल्यात काय मिळेल. तास फक्त एवढंच सांगतात की माझ्या आयुष्यातला इतका भाग इथे गेला. तो परत मागितलेला नाही. पण तो गेला हे तुला माहीत असू दे.

तीन. कुणी तुम्हाला दिली तर वापरा. ताईने माझी गोधडी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवली होती, 'खराब होईल' म्हणून. मी भांडून बाहेर काढायला लावली. भाची तिच्यावर शी-शू करते, दूध सांडते, काठ चावते. आतापर्यंत कितीदा धुतली ते ताईला विचारलं तर ती म्हणते, मोजलं नाही. मी म्हटलं, ते मोज. तेही तुझेच तास आहेत.

चार. ज्यांनी आयुष्यभर शिवलं त्यांच्यासाठी एक शिवा. हे सर्वांत आधी करायला हवं होतं, आणि मला सर्वांत शेवटी सुचलं. ९ वाकळा शिवणारी माझी आजी स्वतः काय पांघरते, हे मी बघितलं तेव्हा मला माझीच शरम वाटली. ट्रंकेत मावेना म्हणून बाहेर राहिलेली, सगळ्यांत फाटकी. तिच्यासाठी कुणी एक टाका घातला नव्हता.

मागच्या दिवाळीत मी तिला एक शिवून नेली. गुडघ्यांवर घ्यायला, लहानच. तिने आधी पोत बघितला नाही, रंग बघितले नाहीत. उलटी करून अंगठ्याने ओळी चाचपल्या. म्हणाली, "हितं टाकं लांब पडल्यात. उसव आन् परत घाल." मी तिच्यासमोर बसून उसवलं आणि परत घातलं. मग तिने मागची पट्टी मला वाचायला सांगितली. १९ तास. "लई लावलंस," ती म्हणाली. मी विचारलं, माझ्या बारशाची वाकळ शिवायला तुला किती लागले होते? कशाला मोजतुयास, असं आधी म्हणाली. मग जरा आठवून म्हणाली, "सात राती. जेवणं झाल्यावर. दोन-दोन तास धर."

मी आत जाऊन १९९७ ची वही आणली. शेवटच्या नावाखाली दोन बोटं जागा होती. तिथे लिहिलं : आजी. वाकळ, एक. १४ तास.

तुमच्याही घरात अशी वही असेल. काढून बघा, त्यात कोण नाही ते.